पकडलेला मासा पुन्हा नदीत!

मुंबईतील अनेक हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावसाच्या नावापुढे 'इंडियन सॅमन' असे छापलेले असते. नाव भारदस्त वाटते, किंमतही त्याला साजेशी असते. पण रावसाचे आणि सॅमनचे काहीही नातेगोते नाही. रावस हा किनाऱ्यालगतच्या समुद्राचा आणि खाड्यांचा मासा. सॅमन मात्र दोन जगांचा रहिवासी. त्याचा जन्म डोंगरातल्या गोड्या ओढ्यात होतो, तारुण्य उत्तर अटलांटिकच्या थंड समुद्रात जाते आणि अखेरचा प्रवास पुन्हा त्याच ओढ्याकडे होतो. या एका माशापायी ब्रिटनमध्ये कायदे झाले, खटले झाले, दंगे झाले, क्लब निघाले आणि ग्रंथही लिहिले गेले. वेल्समध्ये १ जानेवारी २०२० पासून असा नियम आहे की, गळाला लागलेला प्रत्येक सॅमन जिवंत पाण्यात सोडून द्यायचा. तरीही माणसे परवान्याचे पैसे भरतात, कंबरभर गार पाण्यात तासन्‌तास उभी राहतात आणि घरी न्यायचा नसलेला मासा पकडण्यासाठी झटतात. हा काय प्रकार आहे, हे उमजायचे तर वेल्समधल्या एखाद्या छोट्या नदीच्या काठी जायला हवे. दुइवोर ही तशीच एक नदी.

वायव्य वेल्समध्ये एरिरी, म्हणजे इंग्रजांनी ज्याला स्नोडोनिया म्हटले त्या डोंगररांगेत, कुम पेनांत नावाचे एक खोरे आहे. त्याच्या माथ्यावर दुइवोर उगम पावते. दगडी कुंपणांच्या कुरणांतून, डोल्बेनमाइन या खेड्याजवळून वाहत ती लानस्टिमदुई गावाला वळसा घालते, दुइवाख या धाकट्या बहिणीला पोटात घेते आणि क्रिकिएथजवळ समुद्राला मिळते. दमदार चालणाऱ्या माणसाने सकाळी उगमापासून निघावे आणि अंधार पडण्याआधी मुखाशी पोहोचावे, एवढाच तिचा पसारा. आपल्याकडच्या हिशेबाने हिला ओढाच म्हटले असते.

भारतीय वाचकाला या नदीची एक वेगळी ओळखही सांगता येईल. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनचे पंतप्रधान झालेले डेव्हिड लॉइड जॉर्ज याच लानस्टिमदुईत, चर्मकाम करणाऱ्या मामाच्या घरी लहानाचे मोठे झाले. माँटेग्यू घोषणा, रौलेट कायदा आणि जालियनवाला बाग हे सारे त्यांच्याच कारकिर्दीतले. १९४५ मध्ये ते वारले आणि लंडनच्या एखाद्या भव्य चर्चऐवजी दुइवोरच्या काठी, एका मोठ्या शिळेखाली त्यांना पुरण्यात आले. त्याच वर्षी मिळालेल्या सरदारकीच्या किताबातही त्यांनी या नदीचे नाव गुंफले होते. त्यांचा आणि मासेमारीच्या हक्काच्या प्रश्नाचा संबंध पुढे येईलच.

दुइवोर ही लोंढ्याची नदी आहे. डोंगरात पाऊस कोसळला की काही तासांत ती फुगते आणि पाऊस थांबला की तितक्याच घाईने ओसरते. एरिरीच्या उंच शिखरांवर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्याशी त्याची तुलना करता येईल. फरक इतकाच की, तिथला पाऊस चार महिन्यांचा करार करून येत नाही, बारमाही येतो. पाणी उतरलेले असते तेव्हा सॅमन नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात थांबून राहतो. लोंढा आला, गोड्या पाण्याचा वास समुद्रात पसरला की तो आत शिरतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पहिल्या पावसात ओहोळांतून शेतांकडे धावणारे वलगणीचे, चढणीचे मासे त्याने पाहिलेले असतात. त्या माशांची चढण काही मैलांची असते. सॅमनची हजारो मैलांची, एवढेच.

या प्रवासाचा हिशेब थक्क करणारा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत मादी नदीच्या वरच्या अंगाला, स्वच्छ खडीच्या तळावर शेपटीने खळगा उकरते आणि त्यात अंडी घालते. वजनाच्या दर किलोमागे साधारण हजारभर अंडी असतात. नराने ती फळवली की मादी त्यांच्यावर पुन्हा खडी लोटते. वसंतात पिले बाहेर येतात आणि नदीतच वाढू लागतात. बहुधा दोन वर्षांनी, बोटांच्या वितीएवढी झाली की, त्यांच्यात विलक्षण पालट होतो. अंगावरचे ठिपके मावळतात, चंदेरी झळाळी येते आणि गोड्या पाण्यासाठी घडलेले शरीर खाऱ्या पाण्यासाठी नव्याने सिद्ध होते. एप्रिल-मे महिन्यांत ही चंदेरी पिले समुद्राकडे निघतात. काही नॉर्वेच्या समुद्रापर्यंत, तर काही थेट ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातात. तिथे एक, दोन किंवा अधिक हिवाळे काढून, कित्येक पट वजन कमावून ती परततात, तीही आपल्या जन्माच्या नदीकडे. मुखाशी आल्यावर तिच्या पाण्याचा वास त्यांना वाट दाखवतो. अंडी घालून झाल्यावर बहुतेक सॅमन मरतात. थोडेच पुन्हा समुद्र गाठतात.

ट्राऊटची गोष्ट आणखी गमतीची आहे. नदीत राहणारा तपकिरी ट्राऊट आणि समुद्रात जाऊन येणारा चंदेरी ट्राऊट या दोन वेगळ्या जाती असाव्यात, असे लोक पूर्वी समजत. प्रत्यक्षात ती एकच जात आहे. एकाच खळग्यातून निघालेल्या भावंडांपैकी काही जन्मभर त्याच डोहात राहतात आणि तळहाताएवढीच होतात. काही समुद्र गाठतात आणि चांगली दोन-चार किलोंची होऊन परततात. समुद्राची वाट धरणाऱ्यांत माद्यांचे प्रमाण अधिक असते. कारण जेवढे शरीर मोठे तेवढी गाबोळी अधिक. समुद्रातून आलेल्या या ट्राऊटला वेल्समध्ये 'स्यूइन' म्हणतात. सॅमनसारखा तो एका वेळेच्या प्रजननाने संपत नाही, वर्षानुवर्षे ये-जा करतो. दुइवोरची ख्याती सॅमनपेक्षाही या स्यूइनसाठी आहे. काश्मीरला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांनी पहलगामला जो ट्राऊट चाखलेला असतो, त्यातील तपकिरी ट्राऊट याच जातीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी साहेबाने ब्रिटनमधून अंडी आणून तो तिथे वसवला.

ब्रिटनमध्ये गळाने मासे धरण्याचेही दोन वर्ग आहेत. सॅमन आणि ट्राऊट यांची मासेमारी ती 'गेम फिशिंग', म्हणजे शिकारीच्या तोलाची. बाकीच्या गोड्या पाण्यातल्या माशांना 'कोर्स', म्हणजे सामान्य, या नावाखाली ढकलून दिलेले आहे. या विभागणीला जीवशास्त्राचा थोडा आणि वर्गभेदाचा मोठा आधार आहे, हे सांगायलाच हवे. गेम फिशिंगचे मानाचे साधन म्हणजे कृत्रिम माशी. गळावर रेशमी धागा, लोकर, पिसे बांधून केलेली ही माशी वजनाने नसल्यासारखीच असते. ती दूर फेकायची कशी? कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाने दोर भिरकावतो. इथे वजन असते ते दोरालाच. काठी मागे-पुढे हलवून हा जाड दोर हवेत सरळ उलगडायचा आणि त्याच्या टोकाच्या बारीक, जवळपास अदृश्य धाग्याने माशी पाण्यावर अलगद उतरवायची. हे साधायला काही ऋतू जातात. दुइवोरसारख्या नदीवर तर दोन्ही काठांची झाडे डोक्यावर वाकलेली. मागे दोर फेकायला जागाच नाही. तिथे पोहोचलेले गरवणारेसुद्धा निम्मा वेळ फांद्यांतून माशी सोडवण्यात घालवतात.

वेल्समधील एका जुन्या, प्रसिद्ध माशीचे नाव आहे 'कोख-अ-बोन्दी'. एका लालसर भुंगेऱ्याची ती नक्कल. तिचे अंग मोराच्या पिसाच्या तंतूंनी गुंडाळलेले असते. याहून जवळचा धागा आपल्या सह्याद्रीत सापडतो. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांवर मेणाचे थेंब ओघळल्यासारखे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके असतात. माशाच्या इवल्या डोळ्यासारखा दिसणारा हा ठिपका एकोणिसाव्या शतकात सॅमनच्या माशीचा अविभाज्य भाग ठरला आणि पश्चिम घाटातील पक्ष्यांची पिसे जहाजे भरून इंग्लंडला जाऊ लागली. १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारनेच हिंदुस्थानातून पक्ष्यांच्या पिसांची निर्यात रोखली, पण मागणी काही हटली नाही. पुढे हे रानकोंबडे तिकडेच पाळले जाऊ लागले. दापोली-महाबळेश्वरच्या रानात पहाटे आरवणाऱ्या पाखराचा वेल्समधल्या नदीशी असलेला हा संबंध फार थोड्यांच्या लक्षात असेल.

आता एक कूट प्रश्न. नदीत शिरल्यावर सॅमन अन्न घेत नाही. त्याची आतडी आक्रसतात. महिनोन्‌महिने तो साठवलेल्या चरबीवर काढतो. मग न खाणारा मासा माशी तोंडात का घेतो? बालपणीची सवय जागी होते म्हणून, डिवचला जातो म्हणून, कुतूहलाने. अशी अनेक उत्तरे दिली जातात आणि एकही सिद्ध झालेले नाही. गरवणाऱ्याच्या हाती राहते ते पाणी वाचणे. लोंढा चढत असताना व्यर्थ. पाणी उतरू लागले, गढूळपणा जाऊन त्याला कोऱ्या चहाचा रंग आला की संधी. ती काही तासांचीच असते. त्यामुळे दुइवोरकाठच्या माणसाला कामावरून सुटी कधी मिळेल याहून डोंगरात पाऊस कधी थांबेल याची चिंता अधिक.

स्यूइनचा प्रकार वेगळा. दिवसा तो डोहाच्या तळाशी, मुळांच्या आडोशाला निपचित असतो. काठावरच्या सावलीनेही बुजतो. म्हणून त्याची शिकार रात्रीची. दिवसाउजेडी यायचे ते फक्त डोह, खडक आणि फांद्या मनात टिपून ठेवण्यासाठी. जून-जुलैत तिकडे दहा वाजून गेले तरी आकाशात उजेड रेंगाळतो. वटवाघळे फिरू लागली, गवताचा हिरवा रंग दिसेनासा झाला, तरीही जाणता माणूस थांबतो. घाईने पहिली फेक करणारा अख्खा डोह बिघडवतो, अशी तिथली शिकवण आहे. मग केवळ कानांनी आणि बोटांनी चालणारा खेळ सुरू होतो. विजेरी लावायची नाही, बोलायचे नाही, पाय वाजवायचा नाही. अंधारात कुठेतरी धपकन पाणी वाजते; दोर ताणला जातो की नाही एवढेच कळते. हाती काही न लागलेल्या रात्रीच जास्त.

हे मासे कोणाचे, हा प्रश्न मात्र शांत रात्रीइतका शांत कधीच नव्हता. भरती-ओहोटीच्या पाण्यात मासेमारीचा हक्क सर्वांचा. त्यावरच्या नदीत मात्र इंग्लंड-वेल्सच्या कायद्याने तो काठाच्या जमीनमालकाचा. हा हक्क जमिनीपासून वेगळा करून विकता येतो, भाड्याने देता येतो. म्हणजे शेजारून वाहणाऱ्या नदीत शेतमजुराच्या पोराने गळ टाकला तर तो गुन्हेगार. १८६१ च्या सॅमन कायद्याने आणि त्यानंतरच्या परवान्यांनी ही पकड आणखी आवळली. त्याचा भडका मध्य वेल्समध्ये वाय नदीच्या वरच्या खोऱ्यात उडाला. तोंडाला काळे फासलेले, बायकांचे वेश केलेले पुरुष मशाली आणि भाले घेऊन रात्री नदीत उतरत आणि रखवालदारांच्या डोळ्यांदेखत सॅमन मारून नेत. १८३९ ते १८४३ च्या काळात जकातनाके फोडणाऱ्या 'रिबेका' बंडखोरांचा तो वेश त्यांनी पुन्हा चढवला होता. सुगीनंतरच्या हंगामात मांस देणारा हा मासा त्यांच्या लेखी खेळ नव्हता. अर्थात अंडी घालायला आलेला मासा भाल्याने मारणे म्हणजे पुढच्या पिढीवरच घाव, हेही तितकेच खरे.

लॉइड जॉर्ज वाढले ते याच वातावरणात. १८९० मध्ये कार्नार्व्हन मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत त्यांच्यासमोर उभे होते ते लानस्टिमदुईचेच जमीनदार एलिस-नॅनी. चर्मकाराच्या भाच्याने गावच्या धन्याला अवघ्या १८ मतांनी हरवले. जमीनदारीवर पुढे त्यांनी जे प्रहार केले, त्यांचे मूळ याच गावात शोधले जाते. जमीनदार गेले, तरी नदीच्या हक्काचा कायदा तसाच राहिला. मात्र वेल्समध्ये गावोगावच्या मंडळांनी हे हक्क विकत किंवा भाड्याने घेतले आणि शिक्षक, खाणकामगार, पोस्टमन यांना माफक वर्गणीत पाण्याजवळ आणले. दुइवोरवरही बराचसा काठ स्थानिक मंडळाच्या ताब्यात आहे. पाहुण्याला दिवसाचा पास मिळतो. शिवाय सरकारी परवाना वेगळा. सॅमन आणि सागरी ट्राऊटचा परवाना साध्या ट्राऊटहून महाग. चोरट्यांवर कायद्याची नजर इतकी कडक की, १९८६ च्या कायद्यात 'संशयास्पद परिस्थितीत सॅमन हाताळणे' असा एक स्वतंत्र गुन्हाच आहे. वाचताना हसू येते. पण तो गंभीरपणे केलेला आहे.

एवढे सगळे ज्याच्यासाठी केले, तो मासाच आता नाहीसा होऊ लागला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने अटलांटिक सॅमनला 'संकटाच्या समीप' गटात टाकले. २००६ ते २०२० या काळात त्याची जागतिक संख्या २३ टक्क्यांनी घटली होती. ग्रेट ब्रिटनमधला सॅमन तर 'संकटग्रस्त' ठरला. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. तापलेल्या समुद्रात खाद्य बदलले आणि गेलेल्या पिलांपैकी परतणारी कमी झाली. नदीत दुग्धव्यवसायाच्या गोठ्यांतील शेणमुताचा रबडा, सांडपाणी आणि खडी बुजवणारा गाळ येतो. पश्चिम वेल्सच्या कित्येक नद्यांत बंद पडलेल्या शिसे-जस्ताच्या खाणी अजूनही विष पाझरतात. हिवाळा उबदार झाला तर अंडीच दगावतात. २०१५ चा डिसेंबर कमालीचा उष्ण आणि ओला गेला आणि २०१६ मध्ये वेल्सच्या अनेक नद्यांत सॅमनची पिले नाममात्रच आढळली.

'नॅचरल रिसोर्सेस वेल्स' या सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये नद्यांत कृत्रिम पैदाशीची सॅमन पिले सोडणे बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यातून खरी वाढ होत नाही, उलट रानटी वाण दुबळे होते, असे तिचे म्हणणे. अनेक मंडळांना हे पटले नाही. नंतर आला २०२० चा नियम. सॅमन सगळे सोडायचे, गळाला उलटा काटा नसावा, आमिषावर बंधने, स्यूइनवरही मर्यादा. मुदत दहा वर्षांची, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. त्यावर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली तेव्हा गरवणाऱ्यांनी मांडलेला मुद्दा विचार करण्याजोगा होता. आम्ही बहुतेक सॅमन आधीच स्वखुशीने सोडतो. मग सक्ती कशाला? सक्तीने माणसे मंडळे सोडतील, मंडळे बुडतील आणि नदीवर नजर ठेवणारे कोणी उरणार नाही. ज्यांनी नदी नासवली त्यांना मोकळीक आणि काठावरच्या माणसाला शिक्षा, ही त्यांची तक्रार. शेतीच्या प्रदूषणाविरुद्धचे वेल्सचे नवे नियम २०२१ मध्ये आले, तेही शेतकऱ्यांच्या विरोधातून वाट काढत. यंत्रणेची बाजूही पोकळ नाही. मोजकेच मासे परतत असतील, तर अंडी घालणारी प्रत्येक मादी मोलाची. आणि समुद्राचे तापमान काही कोणाच्या पोटनियमाने उतरवता येत नाही.

सोडणे हीसुद्धा एक विद्याच आहे. दमेपर्यंत खेळवलेला मासा पाण्याबाहेर धरून फोटो काढला आणि सोडला, तर तो पोहत जातो खरा, पण नंतर मरू शकतो. म्हणून त्याला लवकर आणायचे, हात ओले करून धरायचे, पाण्याबाहेर काढायचे नाही, तोंड प्रवाहाकडे ठेवून कल्ल्यांतून पाणी वाहू द्यायचे आणि शेपटीने स्वतः जोर धरीपर्यंत थांबायचे. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसकडे झुकू लागले की जाणते लोक काठीच उचलत नाहीत.

या वादात एक गोष्ट सहसा मागे राहते. नदीत किती मासे आले हे कळते कसे? चेस्टरजवळ डी नदीवर मासे मोजण्याचा सापळा आहे; आणखी काही मोजक्या नद्यांवर यंत्रे आहेत. बाकीच्या नद्यांचा अंदाज मुख्यत्वे परवानाधारकांनी भरून दिलेल्या नोंदींवर बांधला जातो. गरवणारे कमी झाले की नोंदी कमी होतात आणि नदी ओस पडली की काठ, हे सांगणे अवघड होऊन बसते. ज्याच्या हातून मासा सोडवायचा, त्याच्याच हातची नोंद नदीचे भवितव्य ठरवते.

ऑक्टोबरच्या मध्यास हंगाम संपतो. काठ्या माळ्यावर जातात. डोल्बेनमाइनच्या वर, गुडघाभर पाण्यात, उरलेले मासे खडी उकरू लागतात आणि खाली घरोघरी वर्षाचा फॉर्म भरायचा राहिलेला असतो. किती दिवस गेलात, किती स्यूइन, किती सॅमन, किती सोडले. एकही मासा मिळाला नसेल, तरी शून्य लिहून तो पाठवावा लागतो.